मूळ कापून पाठवलेलं रोप

४ मे

मुंगीस,

खुशाली विचारत नाही, कारण तू 'ठीक आहे' एवढंच लिहिणार. कामाचं बोलते.

मागची भिंत पडली. कोणाच्या अंगावर पडली नाही, तेव्हा आधी खाली बस आणि मग पुढचं वाच. न्हाणीघरामागचा उतार आठवतो ना? माझा भाऊ, म्हणजे तुझा नवरा, सुट्टीत आला की तिथे खुर्ची टाकून बसायचा आणि तुला सोडून मला चहा सांगायचा. तो उतार धरून ठेवणारी दगडी भिंत. पस्तीस वर्षं काम केलं आणि एका सकाळी निवृत्त झाली. आता जरा पाऊस झाला की घमेलंभर माती न्हाणीघराला टेकायला येते.

चिरंजीव धावत आले. उतार बघून म्हणाले, "आई, घर विकू. तू माझ्याकडे ये." मी विचारलं, तिथे येऊन काय करू? तर म्हणे, आराम. मुंगी, मी तीस वर्षं कोर्टात लघुलेखन केलं. लोकांचं खोटं निमूटपणे, शब्द न बदलता उतरवून घेतलं. आता कुठे स्वतःच्या घरात स्वतःच्या तोंडाने बोलायला मिळतंय, तर हा मला आराम देतोय. त्याच्याकडे सूनबाई चांगली आहे. ती चांगली आहे हीच अडचण. भांडायला माणूस नको का घरात?

पण त्याच्या डोळ्यांत खरीखुरी भीती होती, म्हणून मी नमतं घेतलं. पुढच्या मेपर्यंत उताराने माती धरली तर मी इथेच. नाही धरली तर बॅग भरायची. तसा शब्द दिलाय. मी शब्द फिरवत नाही हे त्याला पक्कं ठाऊक आहे, म्हणून तर लबाडाने घेतला.

आता तुझं काम. बस डेपोच्या नाल्याकाठी एक रोप माजलंय. कोणी पाणी घालत नाही, वरून बसचा धूर खातं, तरी पठ्ठ्या नाला मुठीत धरून उभा आहे. मुळासकट एक आणून उतारावर खोचलं, तर आठवड्यात नवा कोंब. त्याचीच जोडीदार फांदी सोबत पाठवते आहे. सिस्टरने शाळेत शिकवलं तसंच सगळं केलंय. मूळ कापलं, कारण वहीत माती चालत नाही. टीपकागदात दाबलं, वर विटा ठेवल्या. पानं बदामाच्या आकाराची, गुळगुळीत, जोडीजोडीने आहेत. देठ सरळ. फुलं पांढरी, बारीक.

तू जन्मभर वनस्पती संग्रहालयात वाळकी पानं कागदावर चिकटवून त्यांची नावं सांगत आलीस. हे कोण आहे ते सांग आणि सगळ्या उतारावर लावू का तेवढं सांग. हो किंवा नाही. व्याख्यान नको.

तुझी नणंद नंतर, आधी वर्गातली,
तोफ


२६ मे

तोफे,

तुझं पत्र लेकीने मोठ्याने वाचून दाखवलं. हल्ली आमचा तसा रिवाजच झालाय, माझ्या हातात विणकाम असतं आणि ती वाचते. सूनबाईच्या वाक्याला ती इतकी हसली की चहा सांडला. "आत्याला इकडे बोलाव, मी भांडेन तिच्याशी," म्हणाली.

भिंतीचं ऐकून वाईट वाटलं. त्या खुर्चीत बसून ते दुसरा चहाही तुझ्याकडूनच मागायचे, कारण मी साखर कमी घालायची.

रोपाचा कागद खिडकीत नेऊन पाहिला. बदामाच्या आकाराची, गुळगुळीत पानं, जोडीजोडीने. देठ सरळ. फुलं पांढरी, बारीक. म्हणजे ती ओढ्याकाठची मातीधरी, आम्ही संग्रहालयात तिला तेच म्हणायचो. निरुपद्रवी आहे बिचारी. बिनधास्त लाव.

माझं ठीक आहे. मंगळवारी आणि शुक्रवारी अजून संग्रहालयात बोलावतात. नवी मुलं हुशार आहेत, पण मला दाखवल्याशिवाय कागदावर नाव लिहीत नाहीत. मी 'हो' म्हटलं की त्यांचा जीव भांड्यात पडतो, आणि खरं सांगू, माझाही. त्या दोन दिवसांवर माझा बाकीचा आठवडा उभा आहे.

जपून चढउतार कर. उतारावर चपला नकोत, बूट घाल.

तुझी
मुंगी


१८ ऑगस्ट

मुंगीबाई,

तुला साष्टांग नमस्कार, म्हणजे गुडघे दुखत नसते तर घातला असता. तुझ्या मातीधरीने कमाल केली. मी फावड्याने तुकडे केले, उतारभर पुरले आणि आता ती माझ्या खांद्याला लागलीय. दोनदा जोराचा पाऊस झाला, तरी न्हाणीघराशी चमचाभर माती आली नाही. चिरंजीव येऊन गेले. उतारावर उभं राहून पाय आपटून बघितले. "बरं दिसतंय," म्हणाले. त्याच्या तोंडून 'बरं' म्हणजे इतरांच्या तोंडून पोवाडा. मी कपाटावरची बॅग आणखी मागे ढकलली.

शेजारचे दातांचे डॉक्टर ठाऊक आहेत ना, ज्यांनी निवृत्त झाल्यावरही माझ्या तोंडाकडे दवाखान्यातल्यासारखं बघणं सोडलेलं नाही? ते कुंपणावरून म्हणाले, "बाई, हे जरा फार वेगाने वाढतंय." मी म्हटलं, "तुमच्या बागेत काहीच वाढत नाही म्हणून तुम्हाला तसं वाटतं." मग दया आली आणि दोन तुकडे कुंडीत घालून दिले. त्यांनी ते कुंडीतून काढून न्हाणीच्या भिंतीलगत लावले. आता रोज सकाळी दोघेही आपापल्या रोपांकडे बघत चहा पितो. तुझ्या भाषेत, निरुपद्रवी आहेत बिचारे.

एक तक्रार. तुझ्या ओळी हल्ली डोंगर चढायला लागल्यात. शेवटची ओळ तर पहिल्या ओळीला भेटायला निघाली होती. सिस्टरने बोटांवर पट्टी मारली असती.

तोफ


५ सप्टेंबर

तोफे,

खांद्याला लागली म्हणतेस? तीन महिन्यांत?

एक काम कर, आजच कर. एक देठ मोड. मोडताना कट्ट असा आवाज येतो का? आत पोकळ आहे की भरीव? मग एक मूळ उकरून नखाने सोल आणि आतला रंग कळव. वास घे. माझ्यासाठी एवढं कर, हसू नकोस.

आणि डॉक्टरांना म्हणावं, अजून कोणाला तुकडे देऊ नका.

ओळींचं म्हणशील तर पेन खराब आहे.

मुंगी


२ नोव्हेंबर

मुंगी,

हे पत्र भाचीने नेहमीसारखं मोठ्याने वाचावं. घसा साफ करून घे गं बाळे, लांबलचक आहे.

डॉक्टर सकाळी दात घासत होते. पायाला काही टोचलं म्हणून खाली बघतात तर न्हाणीतल्या दोन फरश्यांच्या मधून लालसर कोंब वर आलेला. ते तसेच, तोंडात फेस, हातात ब्रश, कुंपणाशी येऊन उभे राहिले. म्हणाले, "बाई, मी आयुष्यभर लोकांच्या हिरड्यांतून दात काढले. फरशीतून दात येताना पहिल्यांदा बघतोय." त्यांनी नगरपालिकेला कळवलं. मी रागावले नाही. म्हणजे रागावले, पण कळवणं बरोबरच होतं.

उद्यान विभागाच्या अधिकारी बाई आल्या. वयाने माझ्या मुलीसारख्या, वागायला माझ्या सासूसारख्या. देठ मोडला, कट्ट. आत पोकळ. मूळ उकरलं, आत गाजरासारखं नारिंगी. "आजी," म्हणाल्या, (आजी!) "ही आक्रमक वनस्पती आहे. बहुवर्षायू. नखाएवढा तुकडा मातीत राहिला तरी पुन्हा येते. तुम्ही फावड्याने तुकडे केलेत म्हणजे तिचं बारसंच केलंत." मी म्हटलं, निदान माती तर धरते. त्यावर त्यांनी मान हलवली. थंडीत वरचं सगळं वाळतं, खाली दुसरं काही उगवू दिलेलं नसतं, आणि माती उघडी पडते. पुढचा पाऊस आला की घसरते. तशी ती वाळायला लागलीच आहे. उतार टक्कल पडल्यासारखा दिसतोय.

सगळं उकरून काढायचा हुकूम झालाय. कचऱ्यात टाकायचं नाही, पत्र्यावर वाळवून त्यांच्या माणसाकडे द्यायचं. चिरंजीवांना कळलं. फोनवर ओरडला नाही, हेच वाईट. "आई, मेपर्यंत थांबू, पण तू मनाची तयारी कर," म्हणाला. एका दलालाला घर दाखवायलाही पाठवलं. दलालाने अधिकारी बाईंनी लावलेली पाटी वाचली आणि चहा न पिता गेला.

तुझ्या सप्टेंबरच्या पत्राला मी उत्तर दिलं नाही, देठही मोडला नाही. वाटलं, झाली हिची शास्त्रीय चिकित्सा सुरू. ती चूक माझी. लिहून ठेवावी.

भाची, तुझं काम संपलं. दुसरं पाकीट आईच्या हातात दे आणि खोलीबाहेर जा.

तोफ


(दुसरं पाकीट. जाड पेन, बोटाएवढं अक्षर, एका कागदावर चार ओळी.)

मुंगी,

हे तू एकटीने वाचायचंस, म्हणून अक्षर असं. कागदांचा गठ्ठा झालाय, वाया गेला तरी चालेल.

कोर्टात एक गोष्ट शिकले. साक्षीदार प्रश्नातलेच शब्द उत्तरात जसेच्या तसे परत देतो, तेव्हा त्याने काही पाहिलेलं नसतं. ज्याने पाहिलंय तो काहीतरी वेगळं सांगतो. म्हणतो, गाडी निळी होती, पण आरसा तुटका होता.

काल तुझं मेचं पत्र काढून वाचलं. 'बदामाच्या आकाराची, गुळगुळीत पानं, जोडीजोडीने. देठ सरळ. फुलं पांढरी, बारीक.' सगळे शब्द माझे.

आणि मुंगी, ती पानं जोडीजोडीने नव्हतीच. एक इकडे, एक तिकडे, आलटून पालटून होती. कागदावर गबाळं दिसत होतं. म्हणून मी तीन पानं खुडून समोरासमोर डिंकाने चिकटवली. देठ नागमोडी होता, तो इस्त्रीखाली सरळ केला. डिंक पसरून कागदाला ठिगळं पडली होती. शाळेतल्या मुंगीने तो कागद बघून वर्गभर हसवलं असतं. तू हसली नाहीस.

पेन खराब नाही.

कधीपासून?

मी भाचीला काही बोललेले नाही. ते तू सांगायचंस.

तोफ


२० नोव्हेंबर

तोफे,

कागदाखाली पट्टी सरकवत लिहिते आहे. ओळी वाकड्या झाल्या तर पट्टीला बोल.

मागच्या हिवाळ्यापासून. बरोबर मधोमध धुकं आहे. कडेचं दिसतं. तुझ्याकडे सरळ बघितलं तर तू दिसणार नाहीस. तुझ्या शेजारच्या रिकाम्या खुर्चीकडे बघितलं तर दिसशील. डोळ्यांचे डॉक्टर म्हणतात, आणखी बिघडेल बहुतेक, पण पूर्ण काळोख होणार नाही. चष्मा बदलायला झालाय असं मी लेकीला सांगत राहिले.

संग्रहालयात मुलं कागद पुढे करायची आणि स्वतःच पुटपुटायची, "हे अमुक असेल का?" त्यांच्या आवाजावरून मला कळायचं की त्यांना खात्री आहे की नाही. खात्री असली की मी 'हो' म्हणायची. नसली की 'पुढच्या वेळी बघू.' वर्षभर मी कान लावून पानं ओळखली. तुझ्या पत्रातही तुझा आवाज खात्रीचा होता.

'दिसत नाही' हे दोनच शब्द लिहायचे होते. ते लिहिले असते तर मंगळवार-शुक्रवार गेले असते. तुझा उतार गेला तो त्यापायी. तुझा 'खांद्याला लागली' हा शब्द ऐकला तेव्हाच मला चूक कळली, तरीही मी खरं सांगितलं नाही, तुलाच देठ मोडायला सांगितला.

परवा संग्रहालयात जाऊन सांगितलं. वर्षभरात मी 'हो' म्हटलेला प्रत्येक कागद पुन्हा तपासा म्हटलं. मुलांनी वर्षभराचे कागद काढायला घेतले. मग एकीने माझ्यासाठी रिक्षा बोलावली. लेकीलाही सांगितलं. आधी रडली, मग तुझ्यावर भडकली, की आत्याला कळतं आणि मला कळत नाही.

तुझं घर माझ्यामुळे जाणार आहे. माफी मागायलाही लाज वाटते.

मुंगी


२९ नोव्हेंबर

मुंगी,

माफीचा अर्ज दाखल करून घेतला आहे. निकाल राखून ठेवला.

तू खोटं बोललीस हे खरं. मी डिंक लावला हेही खरं. 'व्याख्यान नको, हो किंवा नाही सांग' असं दटावून विचारल्यावर समोरचा हो म्हणणारच. असे प्रश्न विचारणाऱ्या वकिलांना मी मनातल्या मनात तीस वर्षं शिव्या घातल्या. तेव्हा घर कोणामुळे जातंय याचा हिशेब नंतर करू. अजून ते गेलेलं नाही.

खोदायला सुरुवात केलीय. अडचण अशी की मातीही तपकिरी आणि मुळांची सालही तपकिरी. माझे डोळे धडधाकट आहेत, पण ढेकूळ कुठलं आणि तुकडा कुठला ते मला कळत नाही. डॉक्टर अपराधी चेहऱ्याने मदतीला आले, दवाखान्यातली बारीक हत्यारं घेऊन. सकाळपासून एक टोपली माती उपसली आणि त्यात तीन गोगलगायी सापडल्या. गोगलगायी त्यांनी हळूच बाजूला ठेवल्या, जणू त्यांना भूल दिलीय.

हे चाचपून ओळखायचं काम आहे. तू शाळेत डोळे मिटून, नुसत्या बोटांनी, कुठलं पान कोणाचं ते सांगायचीस आणि आमच्याकडून पेन्सिली जिंकायचीस. तर ये. उपकार म्हणून बोलवत नाहीये. उपकार करायला मी काय सूनबाई आहे?

न्हाणीघरात धरायला दांडा बसवला आहे. पायऱ्यांच्या कडांना पांढरा रंग दिला. मधलं टेबल हलवलं, कारण तू त्याच्यावर आदळून त्याचा पाय मोडला असतास. मागची खोली बंद करून माझी खाट पुढच्या खोलीत आणली, शेजारी दुसरी टाकली. मी घोरते. तुझ्या नवऱ्याने सांगितलंच असेल.

तोफ


११ मे

चि. भाच्यास,

मामीचा आशीर्वाद. मी सांगते आहे आणि तुझी आई लघुलिपीत उतरवून मग सुवाच्य अक्षरात लिहिते आहे. ती एकही शब्द बदलणार नाही असं तिने कबूल केलंय. (केलंय. – आई)

मुदत काल संपली. तुला खरी स्थिती कळवते.

हिवाळाभर आम्ही तिघं उतारावर बसून होतो. तुझी आई खोदायची, मी माती बोटांतून गाळायची, डॉक्टर तुकडे पत्र्यावर नेऊन वाळत घालायचे. त्या मुळाचा तुकडा बोटांत थंड आणि ताठ लागतो, दाबला की कट्ट तुटतो. बाकीची मुळं वाकतात. एकदा हाताला कळलं की चुकत नाही. मग पडक्या भिंतीच्या दगडांच्या तीन पायऱ्या रचल्या. गवंडी लावला होता, पण तुझ्या आईने त्याला इतक्या सूचना दिल्या की तो तिलाच 'मिस्त्री' म्हणायला लागला. (तो ओळंबा लावत नव्हता. – आई)

पायऱ्यांवर खरीखुरी मातीधरी लावली. संग्रहालयातल्या मुलांनी ओळखून, मुळांसकट, मातीसकट पाठवली. यावेळी मी नाव सांगितलं नाही. त्यांनीच सांगितलं, मी नुसता हात फिरवला.

मागच्या आठवड्यात जोराचा पाऊस झाला. उजवीकडचा आणि मधला भाग जागचा हलला नाही. डावीकडच्या कोपऱ्यातून दोन घमेली माती खाली आली. हे वाक्य आल्यावर तुझ्या आईचा हात थांबला. मी म्हटलं, लिही. तिने लिहिलंय.

म्हणजे तिच्या शब्दाप्रमाणे ती हरली. तिने काल कपाटावरची बॅग काढली. साड्या भरल्या, चष्म्याची जुनी घरं भरली, भांडली नाही. ती भांडत नाही हे बघून डॉक्टर दोनदा कुंपणाशी येऊन तब्येत विचारून गेले.

तिने शब्द दिलाय, म्हणून ती मागणार नाही. मी मागते. मुदत वाढव. डावा कोपरा रोपांनी धरायला अजून एक पावसाळा लागेल. आक्रमक रोपाचे कोंब अजून येतात. अधिकारी बाई म्हणतात, चारेक वर्षं ते दिसले की खुडत राहावे लागतील, नाहीतर पुन्हा सगळीकडे पसरेल, डॉक्टरांच्या न्हाणीसकट. घर घ्यायला कोणी येत नाही, आणि आलं तरी हे दुसऱ्याच्या गळ्यात मारून जाणं तुझ्या आईला जमणार नाही. मागच्या खोलीत कोणी झोपत नाही. पाऊस जोराचा असला की आम्ही न्हाणीघरातही जात नाही, डॉक्टरांकडे जातो. तुझी भीती खोटी नाही. पण बाळा, आईला सुरक्षित जागी नेऊन ठेवायचं आणि तिला काही काम ठेवायचं नाही, याने माणूस कसं आतून वाळतं ते संग्रहालय सुटलं त्या दिवसांत मी माझ्यावर पाहिलंय.

आणि माझं म्हणशील तर सकाळी उठल्याबरोबर ही मला काहीतरी टाकून बोलते, मग मी हिला बोलते, मग आम्ही कोंब शोधायला जातो. डोळे गेल्यापासून मला उठायची भीती वाटायची. इथे आल्यापासून वाटत नाही. ही जिथे जाईल तिथे मी जाईन, पण मला इथेच राहायचं आहे.

हे शेवटचं खोड गं. पोराला उगाच ओझं होईल.

तुझी
मामी

लघुलेखिकेची टीप: खोडायला सांगितलेला मजकूर खोडलेला नाही. तीस वर्षांत मी कोणाचाही बोललेला शब्द खोडला नाही, आताही नाही. बॅग दाराशी आहे. तू सांगशील तसं. – आई


१७ मे

मामी,

पत्र घरात सगळ्यांनी वाचलं. आईच्या सूनबाईने दोनदा.

मुदत वाढवली. चार वर्षांनी पुन्हा बघू, तेव्हा डाव्या कोपऱ्याची तपासणी मी स्वतः करीन आणि आईच्या साक्षीवर विसंबणार नाही. जोराचा पाऊस लागला की दोघींनी डॉक्टरांकडे जायचं आणि मला फोन करायचा, ही अट आहे. आईला सांग, अट म्हणजे अट.

रविवारी येतो. कोंब कसा ओळखायचा ते माझ्या हाताला दाखव.

आणि आईला म्हणावं, खोडलं नाहीस ते बरं केलंस.

तुझा भाचा